पाणक्यांचा चढ

४ फेब्रुवारी
जेवता जेवता दादू एकदम म्हणाला, "आई, मी 'उद्यान मार्ग' म्हणालो असतो तर?" ताट तसंच टाकून उठला.
काय सांगू पोराला! ह्यांच्या छातीत कळ आली तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्सला फोन त्यानेच केला. एवढा मोठा मुलगा, पण पार घाबरला होता. लहानपणापासून तोंडात बसलेलंच नाव निघालं — पाणक्यांचा चढ. पलीकडची बाई म्हणे, असा रस्ताच नाही. मग नवं नाव आठवेना. गाडी आली, तेव्हा घाई उरली नव्हती.

७ फेब्रुवारी
नवं नाव घरात येऊ दिलं नाही ते ह्यांनीच. नगरपालिकेने पाटी बदलली तेव्हा तिथे जाऊन भांडले — "आधी उद्यान दाखवा, मग मार्ग म्हणतो!"
नळ नव्हते तेव्हा नदीचं पाणी खांद्यावरून घेऊन पाणके ह्याच चढाने यायचे. "अख्ख्या गावाला पाणी पाजलं त्यांनी. त्यांच्या नावाची एवढीच जागा उरलीय, तीही पुसायची?"
मी हसायचे. पाणके केव्हाच गेले, तुमचं आपलं चालूच!

१२ फेब्रुवारी
जुनं नाव परत द्या म्हणून ह्यांनी केलेला अर्ज नगरपालिकेत अजून पडून आहे. उद्या जाऊन विचारते म्हटलं, तर दादू भडकला.
"त्या नावाने बाबांना खाल्लं! आणि तू तेच परत आणणार?"
मलाही कधी कधी तसंच वाटतं.

१३ फेब्रुवारी
गेले नाही.

२० फेब्रुवारी
गेलेच शेवटी. कारकून म्हणाला, "काकू, आता राहू द्या ना." पण मोठ्या साहेबांनी आत बसवलं. म्हटलं, नवं नाव असू द्या हवं तर. पण त्याखाली जुनंही लिहा, अ‍ॅम्ब्युलन्सच्या फोनवाल्यांनाही कळवा. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून जुनंच निघतं हो!
साहेबांनी ह्यांचा अर्ज मागवून वाचला. मग म्हणाले, "तुमच्यासाठी काहीतरी करतोच."
येताना चढावर दम लागला. भिंतीला टेकून उभी राहिले. खांद्यावर पाणी घेऊन कसे चढत असतील?

२ मार्च
दादू ऑफिसातून आला की खोलीचं दार लावून घेतो. भाजीला मीठ नव्हतं आज. तेही बोलला नाही.

११ मार्च
साहेबांनी शब्द पाळला. आज नवी पाटी बसली. 'उद्यान' गेलं. त्या जागी ह्यांचं नाव — पूर्ण, वडिलांच्या नावासकट — आणि पुढे 'मार्ग'. खाली काही नाही.
दादूने एकेका अक्षरावरून बोट फिरवलं आणि तिथेच रडायला लागला. हे गेल्यापासून पहिल्यांदा. "बाबांचं नाव, आई! बघ ना!"
मी त्याला जवळ घेतलं. "छान झालंय," म्हणाले.