मागच्या काचेवरची नावं

शनिवार, संध्याकाळी सात

उद्या मोहोळला मुलगी बघायला जायचं आहे, आणि आमच्या गाडीच्या मागच्या काचेवर ‘स्वरा’ आणि ‘शौर्य’ अशी नावं आहेत. आधीच्या मालकाची मुलं. गाडी घेऊन तीन आठवडे झाले, मला ती कधी खुपली नाहीत. गाडी चांगली आहे, मागे बसून आईचे गुडघेही दुखत नाहीत.

दुपारी मामांनी ब्लेड आणून दिलं. “खरवड की. लग्नाआदीच दोन पोरं दिसत्यात तुला.”

अर्धा तास खरवडलं. अक्षरं निघाली, पण त्यांच्या जागची काच जास्त स्वच्छ. उन्हात नावं अजून वाचता येतात. मग मामा हळूच म्हणाले, “पोरीकडच्यास्नी म्या नवी गाडी सांगितलीया.”

का सांगितलं? उद्या तिनं विचारलं, स्वरा कोण, तर काय सांगू? आणखी काय काय खोटं आहे, असं तिला वाटेल. वाटणारच.

शेवटी मीच तिच्या वडिलांना फोन केला. “गाडी जुनी आहे, वापरलेली घेतली. मामांचं चुकलं.”

ते म्हणाले, “बरं केलं सांगितलं. या उद्या. ॲव्हरेज किती देती?”

“बावीस.”

मामा तेव्हापासून बोलत नाहीत. पण बावीस हायवेला. सोलापुरात एसी लावला की अठराच. पुन्हा फोन केला तर मला वेडा समजतील.

हे लिहून झालं की करतो.