तळमजल्यावरचं घर

अमीन,
सलाम आणि खूप दुवा.

फोनवर तू चिडलास. "आपा, लिफ्टचा चांगला फ्लॅट सोडून येरवड्यात तळमजल्यावरच्या दोन अंधाऱ्या खोल्या घेतल्यात? अब्बांना तरी कशा पसंत पडल्या?" मी म्हटलं, "त्यांचे गुडघे दुखतात." तू फोन ठेवून दिलास.

गुडघ्यांचं कारण अर्धंच खरं आहे. तो फ्लॅट आम्ही बघून आलो होतो. हवा, उजेड, स्वयंपाकघर, सगळं छान होतं. अब्बांनी मात्र लिफ्टमध्ये डोकावलं, जिन्याचं वळण पाहिलं आणि बिल्डरच्या माणसाला विचारलं, "इथून जनाजा आडवा उतरेल का?"

तो हसला. "चाचा, घर घेताना शुभ बोला की."

अब्बा वळून खाली उतरले.

अम्मी गेली तेव्हा तू मस्कतला होतास. सगळं नीट पार पडलं, असं मी तुला सांगितलं. पण बिबवेवाडीच्या आपल्या अरुंद जिन्यात स्ट्रेचर वळेना. शेवटी अम्मीला खुर्चीत बसवून, माझ्या ओढणीने बांधून खाली आणलं. अब्बांनी तिची मान धरली होती.

आता इथे दिवसाही दिवा लागतो, भिंतींना ओल आहे. सामान लावून मी पार थकलेय. पण काल दुपारी अब्बा कितीतरी महिन्यांनी गाढ झोपले.

हे पत्र मी टाकणार नाही. तू माझ्यावर रागावलेलाच राहा. अम्मी तुला जशी आठवते, तशीच आठवू दे.

तुझी,
मुमताजआपा