पिवळा जास्त पडतोय

प्रिय ताई,

तुझे फोन उचलले नाहीत, रागावू नकोस. फोनवर तू काय झालं विचारतेस, मी काही नाही म्हणते आणि तिथेच गाडी अडते. लिहिताना निदान मधे कुणी विचारत नाही.

आधी दुकानातली गंमत सांगते. रंग जुळवताना मी दिव्यावर विश्वास ठेवत नाही, हे तुला ठाऊक आहे. नमुना घेऊन खिडकीशी जायचं, पांढऱ्यात थेंब थेंब पिवळा सोडायचा आणि डोळ्याला पटलं की थांबायचं. सध्या खिडकीतला उजेड दुपारीच आटतो. दाताच्या डॉक्टरीणबाईंना पेशंट बसतात त्या खोलीसाठी सायीचा रंग हवा होता. मला तो मळकटच दिसत राहिला आणि मी पिवळा सोडत राहिले. भिंती रंगवून झाल्यावर बाई दुकानात आल्या. म्हणाल्या, आमचे पेशंट आधीच घाबरलेले, त्यात आता भिंतींनाच कावीळ झालीये. सगळे हसले, मीही हसले. मग मालकांनी मी हल्ली बनवलेले डबे उघडून पाहिले. सगळेच पिवळे. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. नुसतं म्हणाले, काही दिवस तू ब्रश विकायला बस.

डॉक्टरांकडे जाऊन आले. ते म्हणाले, हे मनाचं दुखणं आहे, थंडीबरोबर येतं आणि थंडीबरोबर जातं, पण जाईल म्हणून वाट बघत बसू नका. सकाळी एका प्रखर दिव्यासमोर बसायचं, गोळ्या घ्यायच्या, ऊन असेतो बाहेर फिरायचं. दिव्यासमोर बसते. गोळ्या घेते. फिरणं तेवढं राहतं, कारण चपला घालेपर्यंतच बळ संपतं. तू म्हणशील आळस. आळस असता तर झोप तरी गोड लागली असती.

त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला असं व्हायचं का. मी म्हटलं, आई फार शांत होती. ते पेन धरून थांबले. मग मी म्हटलं, थंडीत शांत होती. उन्हाळ्यात तिच्या बडबडीने शेजारी कंटाळायचे. एवढं साधं वाक्य, पण आपण दोघी ते कधी एकमेकींशीही बोललो नाही. थंडी आली की घरात हळू चालायचं, एवढंच आपल्याला कळत होतं.

रविवारी मी उठलेच नाही. दुपार झाली असावी. शेजारच्या काकूंनी दार वाजवलं. घरात आम्ही दोघीच, त्यामुळे पोरीने उघडलं, तेही अर्धंच. अगदी सहज आवाजात म्हणाली, "आई आत्ताच आंघोळीला गेलीये." काकू गेल्या. तिने आवाज न करता कडी लावली, माझ्या खोलीच्या दारातून मी जागी आहे का ते पाहिलं आणि चवड्यांवर परत गेली. ताई, आपण म्हणायचो तेच वाक्य. तिला कुणी शिकवलं नाही. आपल्याला तरी कुठे कुणी शिकवलं होतं?

म्हणून लिहिते आहे. थंडी सरेपर्यंत इथे येऊन राहा. तुझी नोकरी, तुझं घर, सगळं मला कळतं. तरी ये. मला समजावत बसू नकोस, गोळ्या मी माझ्या घेईन. फक्त दार वाजलं की तू उघड. तिला उघडू देऊ नकोस.

तुझीच,
धाकटी