यंदा मरळ पाठवली नाही

मल्लवरम, १० जून २०१९

प्रिय नरसव्वा,

अण्णाचा आशीर्वाद. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहायला बसलो. इकडे सगळं ठीक. काळी म्हैस व्याली, रेडी झाली. तुझ्या वहिनीचा गुडघा तसाच आहे आणि जीभही तशीच.

मृगाच्या दिवशी घरोघरी मासा शिजतो आणि तुझ्याकडे दरवर्षीची माहेरची मरळ आली नाही, त्यावरून तुझ्या सासूने काय काय ऐकवलं असेल ते न सांगताही कळतं. टेम्पो बंद पडला असं कळवणार होतो, पण खोटं लिहायला हात वळेना.

मासा नव्हता असं नाही गं. उलट एवढा मासा मी जन्मात पाहिला नव्हता. मृगाच्या आदल्या दिवशी सकाळी मच्छीमार संघाचा अध्यक्ष म्हणून तलावात पहिलं जाळं मीच टाकलं. मासे पळेचनात! लोक हातांनी उचलत होते. पोटं टम्म फुगलेली. "गंगम्मा पावली! सगळे गाभोळीचे आहेत!" म्हणत संघातल्या मल्लय्याने नारळ फोडला. मीही हात जोडले.

तेवढ्यात आमची वेन्नेला बांधावरून खाली आली. तूच म्हणाली होतीस ना, मासेमाराच्या पोरीला मासे शिकायला कॉलेज कशाला? तिने एक मासा चिरला. गाभोळी नव्हतीच, पोटात नुसतं पाणी. काळीज पांढरंफटक. मग तिने मला विचारलं,

"नान्ना, उन्हाळ्यात पिल्लं राखणाऱ्या मरळीजवळ तुम्ही हात नेलात, तेव्हा ती चावली का?"

नव्हती चावली. पिल्लांची मरळ बोट फोडल्याशिवाय सोडत नाही, हे लहानपणी तूही अनुभवलंयस. मी मात्र तेव्हा हसून म्हटलं होतं, ओळखते मला!

"वरच्या औषधांच्या कारखान्यांचं पाणी ओढ्यातून इथे येतं," ती सगळ्यांना म्हणाली. "आमच्या कॉलेजने तपासलंय. माणसांना भीती घालवायला ज्या गोळ्या देतात, त्यांचं औषध आहे त्यात. जाळ्याला न घाबरणारा मासा आजारी आहे. हा विकायचा नाही."

मल्लय्या खवळला. "वर्षाचा सण, आणि ही शहाणी निघाली! अध्यक्ष, पोरीला घरी न्या!"

सगळा संघ अंगावर आला, तरी पोरगी तसूभर हलली नाही. मदतीला माझ्याकडेही बघितलं नाही तिने. नरसव्वा, माझा ऊर भरून आला. वाटलं, या तलावात एक तरी मरळ शाबूत आहे.

विक्रीचा शब्द अध्यक्षाचा. मी टेम्पो रिकामा परत पाठवला. बांधाखाली खड्डा खणला, माशांचं पहिलं घमेलं मीच त्यात ओतलं.

मृगाला आमच्याकडे चिंचेच्या कोवळ्या पाल्याची आमटी होती, माशाविना. "गंगापुत्रांच्या घरात हाही दिवस बघायचा होता," असं म्हणत तुझ्या वहिनीने ती दोनदा वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी संघाची बैठक झाली, मला काढलं. आता मल्लय्या अध्यक्ष आहे. पण आज सकाळी तोच दारात उभा होता, चपला हातात घेऊन. मला नाही, वेन्नेलाला विचारत होता, "अम्मा, मीही एक मासा चिरून पाहिला. तक्रार कुठे द्यायची असते? संघ येतो तुझ्याबरोबर."

सासूला ठणकावून सांग, भावाकडे मासा होता, तरी त्याने पाठवला नाही. असला मासा बहिणीच्या ताटात वाढणारा भाऊ मी नाही.

दरवर्षी सहीखाली 'अध्यक्ष' लिहायचो. यंदा त्याहून मोठं लिहितो.

तुझा अण्णा,
पोशेट्टी
वेन्नेलाचा बाप