टाकीला खारं लागतं

३ ऑगस्ट

लातूरला पोचलो. नांदेडहून निघताना पाठीवर एक सॅक होती आणि मांडीवर समीक्षाच्या पुस्तकांचं पोतं. पोरगी सगळा रस्ता सूत्रं पुटपुटत आली. नीटच्या परीक्षेत यंदा थोडक्यात राहिली, म्हणून पुन्हा बसायचं ठरवून इथल्या क्लासला नाव घातलं. आई म्हणाली, एकटीला नाही पाठवायची. तेवढ्यात मला ही नोकरी चालून आली. पुण्यातलं शोभेच्या माशांचं दुकान सोडताना जीव थोडा अडकला, पण बहिणीचं हे शेवटचं वर्ष आहे. ती डॉक्टर झाली तर आमच्या घरातली पहिली.

रामलिंग सरांची नवी अभ्यासिका तीन मजली आहे. मुलं खाली आणि मधे बसतात, आम्हाला वर दोन खोल्या दिल्यात. सर कुठल्याशा परदेशी हॉटेलात समुद्रातल्या माशांची टाकी बघून आले आणि तेव्हापासून त्यांनी तोच ध्यास घेतलाय. मुलांचा शीण जातो म्हणतात. समीक्षा हळूच म्हणाली, दादा, ज्या गावात नळाला आठवड्यानं पाणी येतं तिथं तू समुद्र आणणार. फार हसलो.

११ ऑगस्ट

टाकी उभी राहिली. भिंतभर काच, वर निळसर दिवे, आत कोरडे पांढरे खडक. गोडं पाणी गाळून शुद्ध केलं आणि त्यात समुद्राचं मीठ मोजून कालवलं. आता वाट बघायची. नवी टाकी लहान बाळासारखी असते, घाई केली की बिघडते.

झाडलोट करणाऱ्या भामाबाई काचेला नाक लावून उभ्या होत्या. मासे कुठंयत म्हणाल्या. अजून यायचेत म्हटल्यावर म्हणाल्या, मग एवढ्या दिवसापासून निसतं दगडालाच आंघोळ घालायलाव का सर? अभ्यासिकेतली पोरं खिदळली. बाई झकास आहेत. समीक्षाला रोज भाकरीवर ठेचा आणून देतात.

२६ ऑगस्ट

खडकांवर तपकिरी साय धरली. हे व्हायचंच. नव्या टाकीत आधी तपकिरी येतं, मग हिरवं, मग दोन्ही जातं. सर घाबरले होते, त्यांना समजावलं.

उद्या पुण्याला मासे आणि शेवाळ खाणाऱ्या गोगलगाई आणायला जातो. चार-पाच दिवस लागतील. टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, म्हणून वरून फक्त शुद्ध गोडं पाणी घालायचं असतं. भामाबाईंना निळं पिंप दाखवलं आणि काचेवर खूण केली. निक्षून सांगितलं की दुसरं पाणी अजिबात नको, ही खाऱ्या पाण्याची टाकी आहे. त्यांनी मान डोलावली.

१ सप्टेंबर

परतलो. केशरी-पांढऱ्या माशांची जोडी आणि मूठभर गोगलगाई सोडल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

खडकांवर हिरवे केस आलेत. बोटभर लांब, फार लवकर. दातांच्या ब्रशने घासून काढले. हातावरच्या जुन्या ओरखड्याला चुरचुरलं.

८ सप्टेंबर

सकाळी घासतो, संध्याकाळी पुन्हा तेवढंच. दुकानात असताना हट्टी शेवाळं पुष्कळ पाहिली, पण ही जात ओळखीची नाही. पंपाचा प्रवाह डावीकडे जातो आणि केस उजवीकडे झुकतात, दारातल्या उजेडाकडे. गोगलगाईंनी त्याला तोंड लावलं नाही. आज त्या सगळ्या पाण्याबाहेर, काचेच्या वरच्या कडेला वाळून चिकटलेल्या सापडल्या. पाणी चांगलं असेल तर त्या असं करत नाहीत.

सर म्हणाले, हिरवं तर हिरवं, शेतासारखं दिसायलंय. मी हसलो नाही.

१२ सप्टेंबर

कारण सापडलं. आज लवकर खाली उतरलो तर भामाबाई टाकीत बादली ओतत होत्या. निळं पिंप मी पुण्याला गेलो त्याच आठवड्यात संपलं होतं. विचारलं तर त्या चकित झाल्या. तुम्हीच म्हनले की सर, टाकी खाऱ्या पान्याची हाय म्हनून. रोज खारंच टाकायले मी.

इथं नळाचं ते गोडं आणि बोअरचं ते खारं. आमच्या नांदेडातही असंच म्हणतात. पुण्याच्या चार वर्षांत मी माझ्याच भाषेतला शब्द विसरलो. त्यांनी मात्र मी सांगितलेलं तंतोतंत केलं, रोज, मी उठायच्या आत. रागावण्यासारखं काहीच नव्हतं. तरी माझा आवाज चढला असावा, कारण जाताना त्या म्हणाल्या, तुमच्या माशापरीस माझी म्हैस बरी, कोनतंबी पानी पिती अन् बोलत न्हाई.

सरांना बोअरबद्दल विचारलं. गेल्या उन्हाळ्यात खणलं. कोरडंच लागत गेलं, तसे ते हट्टाला पेटून खाली खाली जात राहिले. बोअरच्या गाडीवाल्याने नको म्हटलं होतं. जे पाणी लागलं ते बर्फासारखं गार होतं. ते फक्त धुण्याला आणि आंघोळीला वापरतात.

म्हणजे आमच्या वरच्या नळालाही तेच.

१९ सप्टेंबर

सगळं पाणी बदललं. फरक नाही. जोडीतला एक मासा दिसत नाही.

आज आमच्या खोलीत लोणच्याची बरणी उघडली. वर हिरवा केसाळ थर. समीक्षाने बोअरच्या पाण्याने धुतलेला ओला चमचा आत घातला होता. शेजारी त्याच पाण्याचा तांब्या नुसता भरून ठेवलेला, तो स्वच्छ. मग माझ्या लक्षात आलं. त्या पाण्याला खारं म्हणतात, पण ते नुसतं जड असतं, त्यात मीठ नाही. त्याच्या आत जे आहे त्याला खाली अंधारात ना मीठ मिळालं ना उजेड. दोन्ही मी दिलं.

२४ सप्टेंबर

चादरी वाळत घालताना समीक्षाच्या उशीचा अभ्रा पाहिला. जिथं गाल टेकतो तिथं दोन हिरवे डाग, वरून खाली ओघळलेले.

ती रोज रडते. मला माहीत नव्हतं. दिवसभर हसते, टोमणे मारते, आणि उशीत तोंड घालून रडते. चाचणीत मार्क पडत नाहीत म्हणाली. मग म्हणाली, अभ्रा धुऊन टाक, आईला सांगू नकोस.

धुतला. गेलं नाही. जाळला.

२९ सप्टेंबर

आता आंघोळीलाही जारचं पाणी आणतो. उशीर झाला असावा. तिच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात बारीक हिरवा तंतू. डॉक्टरांनी ॲलर्जी सांगून थेंब दिले. दोन दिवस घातले आणि तंतू लांबला. बाटलीवरचं बारीक अक्षर आज वाचलं. थेंबांत मीठ आहे. मीच घालत होतो, तिचं डोकं मांडीवर घेऊन.

६ ऑक्टोबर

तंतू दिसत नाही. पुन्हा दाखवायला नेलं. डॉक्टरांनी डोळ्यात लाइट मारला, ती लाइटकडे बघून हसली. डॉक्टर म्हणाले, डोळे अगदी स्वच्छ आहेत. मला ते हसणं आवडलं नाही. ते हिरवं बाहेर आलं नव्हतं. आत गेलं होतं.

१० ऑक्टोबर

आता ती रडत नाही. मार्क वाढलेत, सरांनी तिचं नाव फळ्यावर लिहिलं. दिवसभर खिडकीत बसते. सकाळी पूर्वेच्या, दुपारनंतर पश्चिमेच्या. खुर्ची सरकवते, पण पुस्तकातून वर बघत नाही. ठेचा नको म्हणते. मिठाचा डबा अर्धा झालाय.

आज हाक मारली तर मान वळायला वेळ लागला. आधी दिव्याकडे वळली, मग माझ्याकडे.

भामाबाई जिन्यात थांबून म्हणाल्या, पोरगीला घरी न्या सर, तिच्या अंगाला आडाचा वास यायलाय. घरी नेऊ कशी? आई तिला जवळ घेईल. आईला घाम येईल, आई रडेल.

१६ ऑक्टोबर

अभ्यासिका सुट्टीसाठी बंद झाली. टाकीला काळं कापड गुंडाळलं, दिवे बंद ठेवले. हट्टी शेवाळावरचा हा शेवटचा उपाय, पूर्ण अंधार.

१९ ऑक्टोबर

कापड काढलं. खडक पांढरेशुभ्र. हिरवं सगळं विरघळून तळाशी राख होऊन पडलंय. उरलेला मासाही गेला, पण ते मेलं. अंधारात ते मरतं!

समीक्षाला खाली आणून दाखवलं. तिने बराच वेळ पाहिलं. म्हटलं, तुझ्या खोलीची खिडकी बंद करतो, अळणी जेवण देतो, फक्त तीन दिवस. ती हो म्हणाली. स्वतःच म्हणाली, दादा, मी सांगितलं तरी दार उघडू नकोस. तो आवाज तिचा होता. खात्रीने तिचा.

२० ऑक्टोबर

खिडकीला पत्रा ठोकला. फटींत कापड भरलं. बाहेरून कडी.

दुपारी तिने आतून दार वाजवलं. शांतपणे, एका लयीत. अळणी भात तसाच परत.

२१ ऑक्टोबर

उघड म्हणते. फक्त फटीएवढं. मोबाइलचा उजेड तरी दाव म्हणते. विनवणी नाही, चिडणं नाही, पाठ म्हटल्यासारखं. दाराच्या त्या बाजूला काहीतरी घासत राहतं — तिचे हात असतील. हातच असतील.

आईचा फोन आला. ती झोपलीय म्हणालो.

२२ ऑक्टोबर, दुपार

हाका थांबल्या. दाराखालून एक तंतू आलाय. केसाएवढा. जिन्यातल्या उन्हाकडे निघालाय.

ब्लेडने कापला.

आत समीक्षा ओरडली. आई गं म्हणून, लहानपणी बोट दारात सापडलं होतं तशी.

मी काय कापलं —

थोड्या वेळाने

रडते आहे. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. हुंदके देऊन, नाक ओढत, तिचंच रडणं. म्हणजे ती आहे. अजून आहे.

पण रडली की मीठ —

दाराशी तोंड नेऊन सांगितलं, रडू नको, आजच्या दिवस रडू नको. ती म्हणाली, प्रयत्न करते दादा. आणि आणखी रडली. दाराखालून आता तंतू नाही, झालर. प्रत्येक हुंदक्यासरशी पुढे. कापू शकत नाही. कापलं की तिला —

उघडलं तर उजेड. नाही उघडलं तर ती एकटी रडत —

कडीवर हात ठेवून लिहितो आहे. माझ्याच हनुवटीवरून पाणी वहीवर पडलं, अक्षर फुगलं. मी आवाज केला नाही. हुंदकासुद्धा नाही. दार बंद आहे. आतून ती म्हणाली, तू रडू नको ना दादा —

तिला कसं कळ —

पायाला गार लागतंय. फुगलेल्या अक्षरावर हिर