रंगखात्यामागचा खड्डा

३ फेब्रुवारी
बंद कारखान्याच्या जागेवर पाटी लागली. वर ऑफिसं, मधे घरं, खाली दुकानं, शिवाय पाळणाघर. रंगखात्याचं जुनं धुराडं म्हणे शोभेला ठेवणार. एकवीस वर्षं त्याच्याखाली कोपरापर्यंत निळा व्हायचो मी — तेव्हा कुणाला शोभा दिसली नाही.

५ फेब्रुवारी
पाटीवरचा नकाशा नीट पाहिला. पाळणाघर नेमकं खड्ड्यावर! दर शनिवारी आम्ही कढया धुवायचो, तळाचा विषारी गाळ तिथे ओतायचो, वर राख. कागदावर खड्डा कुठेच नाही. साहेब म्हणायचे, "लिहून कशाला ठेवायचं?" शेवटची राख मीच पसरली.

६ फेब्रुवारी
ही म्हणते, सांगून टाका. हिला काय जातंय बोलायला! जुन्या कामगारांना तिथेच वेगळ्या बिल्डिंगमध्ये घरं मिळणार आहेत. काम अडलं की आधी आमचीच लटकणार. आमच्या खात्यातल्या फिटरला विचारलं. "दहा वर्षं एका खोलीत काढली. तोंड उघडलंस तर तुझं-माझं संपलं." आणि ज्या मालकांनी कुत्र्यासारखं हाकललं, त्यांची उठाठेव मी का करू?

७ फेब्रुवारी
गप्प बसलो.

१९ फेब्रुवारी
नात दाराशी खेळत होती. मातीची मूठ तोंडात घातली तिने. साधी माती, पण मी तिचं तोंड तीनदा धुतलं. स्वतःची लाज वाटली.

२० फेब्रुवारी
साइटच्या ऑफिसात गेलो. इंजिनीअर पोरगेला, पण वागायला बरा. चहा दिला. मी सगळं सांगितलं — किती फूट खोल, काय काय ओतलं. त्याने शांतपणे ऐकलं, मग कपाटातून मातीचा अहवाल काढला. "काका, आम्हाला गेल्या वर्षीच कळलंय. पाळणाघर हलवलं आम्ही. पाटीवर जुनाच नकाशा छापलाय."
जीव भांड्यात पडला. उठता उठता विचारलं, मग तिथे आता काय?
फाइल ठेवत म्हणाला, "तुमची कामगारांची बिल्डिंग."

२१ फेब्रुवारी
फिटरला सांगितलं. त्याने विडी विझवली. मग म्हणाला, "वरचा मजला मागू. माझी ओळख आहे."
मी नाही म्हटलं नाही.

२ मार्च
घरं वाटली, सध्या कागदावर. आम्हाला चौथा मजला, फिटरला पाचवा. तळमजला आमच्या मुकादमाच्या सुनेला. तिला सातवा महिना. "काका, अंगण मिळालं बघा," म्हणाली.
मी म्हटलं, छान झालं.