फक्त बंद करू नका, काकू

८ मार्च २०२०, रविवार. टूनगॅबी, सिडनी

पोचले एकदाची! शेजारच्या गृहस्थांनी माझ्या खांद्यावर मान टाकून यथेच्छ घोरून घेतलं आणि सिडनीच्या विमानतळावरच्या कुत्र्याने माझ्या गोड्या मसाल्यात नको इतका रस घेतला, एवढं सोडलं तर प्रवास झकास झाला. लेक दत्तप्रसाद घ्यायला आला होता. सुटलाय चांगलाच. लीनाने वाकून नमस्कार केला आणि लगेच घड्याळ बघितलं. सूनबाईंना वेस्टमीडला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये शिफ्टला जायचं होतं. नातू वेद सात वर्षांचा, पुढचे दोन दात पडलेला. त्याला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले आणि माझाच नातू मला “हाय आजी, हाऊ वॉज युअर फ्लाइट” म्हणतो! जायच्या आत याच्या तोंडून अख्खं मराठी वाक्य काढून दाखवीन, असं मी जेवताना जाहीर केलंय.

ही रोजनिशी यंदा वहीत नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून बारीक लिहिताना त्रास होतो, म्हणून दत्तप्रसादने हॉलमधल्या घरच्या कॉम्प्युटरवर मराठी टायपिंग बसवून दिलं आणि अक्षरं बोराएवढी केली. वर एक व्याख्यान झोडलं. नको तिथे क्लिक करायचं नाही. फुकट म्हणून काही उतरवून घ्यायचं नाही. त्यातूनच हेरगिरी करणारे प्रोग्रॅम आत शिरतात, आपण काय टाइप करतो ते बघतात, कॅमेरासुद्धा चालू करतात. मशीन उगाच मंद झालं, पंखा घरघरायला लागला, कॅमेऱ्याचा दिवा आपोआप लागला, की समजायचं. आणि फोनवरच्या माणसाला कॉम्प्युटर हाताळू द्यायचा नाही, तो कितीही गोड बोलला तरी.

मी म्हटलं, अरे, कॉपी करणारं पोर मला पाठमोरं असलं तरी सापडायचं. मला कोण फसवणार?

२१ मार्च

करोनामुळे देशाच्या सीमा बंद झाल्या. जूनचं परतीचं तिकीट कपाटात आहे, त्याचं काय होणार कुणाला ठाऊक. दत्तप्रसादचं ऑफिस आता वरच्या खोलीत भरतं. त्याचं मशीन वेगळं, त्याला हात लावायची कुणाला परवानगी नाही. आम्ही दोघं पेंडल हिलच्या भारतीय दुकानात जाऊन डाळ-तांदूळ घेऊन आलो. दुकानाबाहेर रांग होती, पण सगळे एकमेकांकडे संशयाने बघत होते. इथे लोक टॉयलेट पेपरसाठी भांडतायत. मी हसले, तर दत्तप्रसाद म्हणाला, आई, हसू नको, आपल्याकडेही दोनच उरलेत.

२६ मार्च

काल मागच्या अंगणात गुढी उभारली. तांब्या मिळेना म्हणून स्टीलचा पेला घातला. कुंपणापलीकडच्या आजोबांनी हात हलवून “ब्यूटिफुल, मेट” म्हटलं.

वेदची शाळा आता याच कॉम्प्युटरवर. सकाळी हेडफोन लावून बसतो. त्याचं आटपलं की मग माझा नंबर.

लीना लॅबमध्ये रोज करोनाचे नमुने हाताळते. घरी आली की गॅरेजमध्येच कपडे बदलते, आंघोळ करते, मग आत येते. आज मी चहा पुढे केला तर दोन पावलं मागे सरली आणि म्हणाली, “आई, प्लीज, लांबून.” साठी उलटलेल्या बाईला असं लांब ठेवायचं? मी कोण, मोलकरीण? राग आलाय, म्हणून स्पष्टच लिहिते. लीना घरात नसते तेव्हाच हे घर मला घर वाटतं. ती तिकडेच राहिली तरी चालेल.

बरं वाटलं लिहून. हे कोण वाचणार आहे!

३ एप्रिल

आज एक मूर्खपणा झाला, पण निस्तरला.

दुपारी सगळे आपापल्या कामात होते. मला एखादं मराठी नाटक बघावंसं फार वाटलं. दत्तप्रसादला विचारलं असतं, पण तो मीटिंगमध्ये होता आणि नाटकासाठी त्याच्या दारावर टकटक करायची लाज वाटली. स्वतःच शोधलं. एका ठिकाणी शेकडो नाटकं फुकट! फक्त त्यांचा प्लेअर उतरवून घ्या, म्हणाले. घेतला. नाटक लागलंच नाही. पडदा लालभडक झाला, भोंगा वाजायला लागला, इंग्रजीत धोक्याची सूचना आणि एक फोन नंबर. घाबरून मी फोन लावला. पलीकडचा माणूस फाडफाड इंग्रजी बोलत होता. माझ्या तोंडून “अगंबाई, आता काय करू” निघून गेलं आणि तो थांबला. मग म्हणाला, “काकू, आपण मराठी का?”

इतकं हायसं वाटलं! त्याचं नाव अजित. बोलणं सुरेख, स्वच्छ. मी पुण्याची, कसबा पेठेतली म्हटल्यावर नेमकं कुठलं घर, तेही विचारलं त्याने. म्हणाला, अजिबात काळजी नको, काकू. पडद्यावर आलेला नंबर मी वाचून दाखवला, आणि मग बाण आपोआप फिरत होता, तो कॉम्प्युटर साफ करत होता. पैसे विचारले तर म्हणाला, छे, काकूंकडून कसले घ्यायचे? मुलाला कशाला सांगता, म्हणाला, उगाच हसेल तुम्हाला.

हसला असताच. म्हणून नाही सांगितलं.

७ एप्रिल

पंखा घरघरतोय. अक्षर दाबलं की मागाहून उमटतं. वेद “इट्स सो स्लो” म्हणून दिवसभर कुरकुरत होता. शेवटी दत्तप्रसाद बघायला बसला आणि त्याचा चेहराच बदलला. कुणी काय उतरवून घेतलंय यावर, म्हणून विचारलं. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मी नाही बाई, मी आपली टायपिंग करते.

मग त्याने वेदला बोलावलं. कसला गेम घेतलास, खरं सांग. वेद म्हणाला, घेतला नाही. खोटं बोलू नको, म्हणून दत्तप्रसाद ओरडला. त्याचा टॅबलेट आठवडाभर बंद. पोर रडत रडत माझ्याकडे बघत होतं. मी भाजी निवडत होते. निवडतच राहिले.

जन्मभर मुलांना खरं बोलायला शिकवलं मी. तोंड उघडायला किती वेळ लागला असता?

दत्तप्रसादने अँटिव्हायरस चालवला, दोन गोष्टी काढल्या, आता ठीक आहे म्हणाला. उद्या सांगेन मी त्याला. शांतपणे सांगेन.

९ एप्रिल

सांगितलं नाही.

आज अजितचा फोन आला. माझा मोबाइल नंबर मीच दिला होता. म्हणाला, जोडणी तुटलीय, पुन्हा तो आकडा वाचून दाखवा. मी म्हटलं, नको, आता सगळं ठीक आहे. तर हसला आणि मला एक वाक्य ऐकवलं. ‘लीना घरात नसते तेव्हाच हे घर मला घर वाटतं.’ पुढचंही ऐकवलं. अगदी वर्गात धडा वाचावा तसं, विरामचिन्हांसकट.

हे मी कुणाला बोललेले नाही. फक्त इथे लिहिलंय.

म्हणाला, लीनाताई सध्या केवढं जोखमीचं काम करतायत, त्यांना हे वाचून काय वाटेल? मी विचारलं, काय हवंय तुम्हाला? म्हणाला, काहीच नको. फक्त कॉम्प्युटर बंद करू नका, काकू. दिवसा चालू राहू दे, एवढंच.

मी आकडा वाचून दाखवला. पहिल्या वेळी मी फसले होते. आज नाही.

ते जुनं पान पुसायला घेतलं आणि सोडून दिलं, त्याच्याकडे ते आहेच. तो आता हेही वाचत असेल. तर वाच. लाज वाटू दे तुलाही.

१६ एप्रिल

काल लीनाने दारातून मला वाकून नमस्कार केला. लांबूनच. शाळेची सुट्टी आहे, तुम्ही वेदकडे बघता म्हणून मी निर्धास्त कामावर जाते, म्हणाली. डोळे सुजलेले, नाकावर मास्कचे वळ. मला वर बघवेना.

एक चांगली गोष्ट. वेद मराठी बोलला! मी डोळ्यांत थेंब घालत होते, बाटली हातातून निसटली, तर म्हणतो, “अजिबात काळजी नको आजी, मी उचलतो.” अख्खं वाक्य! दत्तप्रसाद थक्क झाला. मी म्हटलं, बघ, शेवटी शिक्षिका आहे मी.

सुट्टी असूनही तो हेडफोन लावून कॉम्प्युटरपाशी बसतो. एकटाच हसतो. काय चाललंय विचारलं तर, “जस्ट अ गेम, आजी.”

२१ एप्रिल

अजितचा फोन. म्हणाला, दुपारचे थेंब राहिले आज, काकू.

राहिले होते खरे.

थेंब मी या खुर्चीत बसून घालते. कॅमेऱ्याशेजारी एक बारीक हिरवा दिवा आहे. कधीपासून लागलाय, मी पाहिलंच नव्हतं.

२५ एप्रिल, शनिवार

पहाटे सगळी गल्ली आपापल्या फाटकाशी मेणबत्त्या घेऊन उभी होती, सैनिकांच्या स्मरणासाठी. आम्हीही. वेद माझं बोट धरून होता. तेव्हाच दत्तप्रसादला सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं. लीना पलीकडे उभी होती.

घरात आल्यावर कॅमेऱ्यावर माझी टिकली चिकटवली. दत्तप्रसादने बघून विचारलं, आई, हे काय? म्हटलं, दृष्ट लागू नये म्हणून. खो खो हसला. मी पण हसले.

२७ एप्रिल

फोन. टिकली काढा, काकू. ती तुमच्या कपाळावरच शोभते.

काढली.

मी काढली —

३० एप्रिल

पेनने लिहितेय. वेदच्या चित्रकलेच्या कागदामागे. अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे. हे अजितला वाचता येणार नाही.

तो पैसे मागत नाही. बँकेबद्दल विचारत नाही. मला वाटत होतं मी एकटी त्याच्या तावडीत आहे. म्हातारी, मूर्ख, खोटारडी. माझी पापं माझ्यापाशी. पण मग त्याला कॉम्प्युटर दिवसा चालू का हवा? दिवसा तिथे बसतं कोण?

दिवसा तिथे मी तासभर बसते. बाकीचा वेळ —

नाही. हेडफोनमध्ये वेदची मिस असते. शाळा पुन्हा सुरू झालीय ना.

२ मे

जेवताना वेद लीनाला म्हणाला, “तू दमलीस का? शहाण्या मुलाने आईला त्रास देऊ नये बरं का.” लीनाचे डोळे भरले. सगळं आईंमुळे, म्हणाली. मला.

मी वेदला हे शिकवलेलं नाही.

‘अजिबात काळजी नको.’ आमच्या घरात असं कुणीच म्हणत नाही. मी तर ते फक्त एकाच माणसाच्या तोंडून —

घास गिळला मी. सगळ्यांसमोर कौतुक घेतलं आणि गिळला.

४ मे, सोमवार

वेदला विचारलं. कोण बोलतं रे तुझ्याशी? त्याने माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी मी भाजी निवडत असताना बघितलं होतं, तसंच. “नोबडी.” मग मराठीत म्हणाला, “कुणी नाही, आजी.”

मी पाठमोऱ्या पोरांचं खोटं ओळखायची. हा समोर उभा होता. आणि कुठल्या तोंडाने म्हणू, खरं बोल?

५ मे

वायर ओढली. भिंतीतूनच. पंखा थांबला. घर एकदम शांत झालं.

फोन वाजतोय. उचलत नाही. पुन्हा वाजतोय. वाजू दे.

दत्तप्रसादची मीटिंग संपली की तो चहाला खाली येईल. चहा टाकलाय. आज सगळं सांगणार. नाटक, आकडा, वेदने माझ्यापायी खाल्लेला ओरडा, लीनाबद्दल लिहिलेलं ते वाक्यसुद्धा. तिला मीच सांगेन, तिच्या तोंडावर. काढलं घराबाहेर तरी चालेल. पोर वाचलं पाहिजे.

फोन थांबला.

वर दार वाजलं. दत्तप्रसाद उठला वाटतं. नाही, अजून बोलतोय. येईल —

बोलणं वरून येत नाहीये. वेदच्या खोलीतून. त्याच्याकडे तर फक्त टॅबलेट — दत्तप्रसादने परत दिला होता — त्यातही अजित कधी शिरला —

मराठी बोलतोय. स्वच्छ. हळू आवाजात.

नाही काका, म्हणतोय. आजीने वायर काढली. हो, आहे चालू हा. नाही, बाबांना नाही सांगणार. आजीने तरी कुठे सांगि—